सात ते आठ, फोन पेटीत

एका माणसाला सुधारायचं ठरवलं की फार तर एखादा किस्सा होतो. सहा घरांनी मिळून एकमेकांना सुधारायचं ठरवलं की किती होतात, हे मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. आता रोज कुणीतरी भेटतं आणि विचारतं, "मेष्ट्रे, ते तुमचं सात ते आठचं काय झालं?" मी एक किस्सा सांगतो. तो हसतो. मी दुसरा सांगतो. तिसऱ्याला तो हसायचा थांबतो आणि घड्याळ बघून निघून जातो.

आमची सहा घरं म्हणजे म्हैसूरमध्ये बन्नीमंटपाच्या मागं राहणारी मराठी घरं. खापरपणजोबा महाराजांच्या फौजेत होते म्हणे. आता कोणी शिक्षक, कोणी बँकेत, कोणी कॉम्प्युटरवर. आमची मराठी पुण्याच्या माणसाला ऐकवली तर तो दोन वाक्यं हसतो आणि तिसऱ्या वाक्याला आम्ही कानडीत शिरलो की गप्प बसतो. मी नागेशराव मोहिते. हायस्कूलमध्ये चौतीस वर्षं भूगोल शिकवला, म्हणून अख्खी गल्ली मला मेष्ट्रु म्हणते. कानडीत मास्तरांना म्हणतात तसं. चौतीस वर्षं मी बोलत होतो आणि शाळेची घंटा सोडली तर मला कुणीही मध्येच थांबवलं नाही. अशा सवयीनं माणूस बिघडतो, तसा मीही बिघडलो.

या सगळ्याच्या मुळाशी सुमित्राक्का. त्या बँकेतून निवृत्त झाल्या, ऑफिसरपणातून अजून झालेल्या नाहीत. भाचीच्या अपार्टमेंटमध्ये 'कुटुंब आणि फोन' असं एक व्याख्यान ऐकून आल्या आणि दुसऱ्या दिवशी सहाही घरांना निर्णय कळवला. रोज संध्याकाळी सात ते आठ प्रत्येक घरानं सगळे फोन एका पेटीत ठेवायचे, समोरासमोर बसायचं आणि बोलायचं.

सगळ्यात आधी हात वर केला तो मी. का ते सांगून टाकतो. माझी बायको वत्सला दोन वर्षांपूर्वी गेली. घरात उरलो मी आणि विनय. मुलगा चौतीस वर्षांचा, लग्न केलेलं नाही, वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसून अमेरिकेतल्या कुठल्याशा कंपनीचं काम करतो. चांगला आहे हो. माझ्या गोळ्या संपायच्या आत नव्या येतात, गॅस कधी संपत नाही. पण वत्सला गेल्यापासून आम्ही दोघं सलग पाच मिनिटं बोललो नव्हतो. आधीसुद्धा आम्ही एकमेकांशी तिच्यामार्फतच बोलायचो, हे ती गेल्यावर लक्षात आलं. मला त्याच्याशी तिच्याबद्दल बोलायचं होतं. एवढंच. त्यासाठी फोन पेटीत काय, मी विहिरीत टाकायलाही तयार होतो.

•

सुरुवात शपथेपासून झाली.

रविवारी सकाळी सुमित्राक्कांच्या हॉलमध्ये सहा घरांतली लहानथोर मंडळी जमली. अक्कांनी शपथ स्वतः लिहिली होती, पण कागदावर उतरवायला वेळ मिळाला नव्हता. म्हणून त्यांनी ती ग्रुपवर टाकली. मग आम्ही सगळे ओळीनं उभे राहिलो. उजवा हात पुढं. डाव्या हातात फोन. आणि एका सुरात वाचायला लागलो, 'मी रोज संध्याकाळी सात ते आठ या वेळेत फोनला हात लावणार नाही...'

दुसऱ्या ओळीला गणपतराव घाटगे एकदम थांबले. घाटगे माझ्याच वयाचे, पोलीस खात्यातून निवृत्त, आवाज असा की ते थांबले की सगळं थांबतं.

"अक्का, स्वल्प थांबा," ते म्हणाले. "कुणाचातरी फोन आला. शपथ गेली."

शपथ परत सापडेपर्यंत आम्ही सगळे उजवा हात पुढं धरून उभे होतो. तेव्हाच घरी निघून जायला हवं होतं.

•

घाटग्यांच्या घरी पूर्वजांची तलवार आहे. तिला एक लांबलचक लाकडी पेटी आहे. घाटग्यांनी फोनसाठी तीच काढली. चार माणसांचे चार फोन तलवारीशेजारी ठेवले, झाकण लावलं आणि घाटगे, त्यांची बायको ताराक्का, मुलगा मोहन आणि सून रेखा असे चौघे हॉलमध्ये बसले.

पहिली दहा मिनिटं उद्या नाश्त्याला काय करायचं यावर गेली. अक्कीरोटी की उप्पिट्टु, हा प्रश्न चौघांनी मिळून सोडवला. मग शांतता. मग पुन्हा उप्पिट्टु. मग काहीतरी बोलायचं म्हणून रेखा सासूला म्हणाली, "आमच्या लग्नात माझ्या आईला जेवायला शेवटच्या पंगतीत का बसवलं होतं?"

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तिनं सहज विचारलं होतं, असं ती अजून म्हणते. ताराक्का म्हणाली, तुझ्या आईलाच घाई नव्हती. मोहन म्हणाला, तो विषय आता कशाला. त्यावर रेखा म्हणाली, अकरा वर्षं तुम्ही हेच म्हणताय. आठ वाजले तेव्हा दोघी रडत होत्या, मोहन गच्चीवर होता आणि घाटगे एकटेच पेटीसमोर हात जोडून बसले होते. आठच्या ठोक्याला चौघांनी जे फोन उचलले, ते झोपेपर्यंत खाली ठेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटगे माझ्याबरोबर फिरायला आले. तळ्याला एक पूर्ण फेरी झाली.

"मेष्ट्रे," ते मग म्हणाले, "आमच्या घरात अकरा वर्षं शांतता आहे असं मी सगळ्यांना सांगत होतो. सगळे फोनवर होते, एवढंच."

•

एक घर यशस्वी झालं, तेही सांगायला हवं. कुलकर्णी नवरा-बायको आणि त्यांच्या दोन मुली. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून बदली होऊन आले, बोलतात शुद्ध. पंधरा दिवसांनी अक्कांनी अहवाल मागितला तेव्हा कुलकर्णी वहिनी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आमच्याकडे एकही दिवस चुकला नाही. भांडण नाही, तंटा नाही. सगळे सात वाजायची वाट बघतात. घराला घरपण आलं.

अक्कांचे डोळे पाणावले. इतर घरांनी यांच्याकडून शिकावं, असं म्हणून त्यांनी विचारलं, तुम्ही या तासात नेमकं करता काय?

"सिरियल बघतो," वहिनी म्हणाल्या. "शपथेत टीव्हीचं काही नव्हतं."

•

खुद्द सुमित्राक्कांचं काय झालं, ते मला त्यांच्या सुनेनं सांगितलं. अक्का स्वतः कधी सांगणार नाहीत.

त्यांची नात अन्वी सात वर्षांची. शाळा इंग्रजी, खेळणं कानडीत, आणि मराठी अज्जीपुरती, तीही मोजून शंभर-दीडशे शब्द. अक्कांनी मनाशी ठरवलं होतं की या एका तासात पोरीला मराठी गोष्टी सांगायच्या. लहानपणी त्यांच्या आजीनं सांगितलेल्या, तशाच्या तशा. आठवत नव्हत्या त्या त्यांनी धारवाडच्या बहिणीला विचारून वहीत लिहून घेतल्या. साठी उलटलेली बाई शाळेच्या पोरीसारखी दुपारभर पाठ करत बसायची, असं सून म्हणाली.

पहिल्या संध्याकाळी अन्वी आली, अज्जीच्या मांडीला टेकून बसली. अक्कांनी सुरुवात केली. एक होता राजा, त्याला दोन राण्या. पोरीनं नीट ऐकलं. मग विचारलं, "अज्जी, ही किती मिनिटांची आहे?"

अक्का म्हणाल्या, असेल पंधरा-वीस मिनिटांची. अन्वीनं विचार केला. रागानं नाही, कंटाळूनही नाही, अगदी समजूतदारपणे उठली आणि अज्जीच्या गालाला हात लावून म्हणाली, "तू सांगून ठेव. मी आमेले ऐकते."

आमेले म्हणजे नंतर. पोरगी बाहुल्या खेळायला आत गेली. तिचं काय चुकलं? तिच्या जगात सगळ्या गोष्टी सांगून ठेवलेल्याच असतात. पाहिजे तेव्हा लावायच्या.

सून स्वयंपाकघरातून बघत होती. अक्कांनी समोरच्या रिकाम्या सोफ्याकडं बघून उरलेली गोष्ट सांगितली. दोन्ही राण्या, वनवास, परत येणं, सगळं. पुरी केली आणि मग वही मिटली. मला हे ऐकवेना, म्हणून मी सुनेला म्हणालो की कॉफी दे. ती म्हणाली, आत्ताच घेतलीत की मेष्ट्रे.

•

आता आमचं घर.

पहिल्या दिवशी विनय ठीक सातला खाली आला. स्टीलच्या डब्यात त्यानं स्वतःच्या हातानं फोन ठेवला, झाकण लावलं, आणि माझ्यासमोर बसला. मी सकाळपासून तयारी करत होतो. जुनी खोड; वर्गावर जायच्या आधी मुद्दे काढल्याशिवाय मला चैन पडत नसे. एका चिठ्ठीवर मी लिहून ठेवलं होतं: ऑफिस, तब्येत, गच्चीतली गळती, वत्सला. आधी सोपे, मग अवघड. सरळ चौथ्यावर जायची हिंमत नव्हती.

ऑफिस झालं. "हौदू अप्पा," म्हणजे हो, एवढंच तो म्हणाला. तब्येत झाली. "आयतु अप्पा." म्हणजे बरं, झालं. पण दर मिनिट-दोन मिनिटांनी तो मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होता. चौतीस वर्षं मी घड्याळाकडं बघणारी पोरं बघितली आहेत. मला राग येत नाही. उलट मला वाटलं, बिचारा कंटाळलाय तरी बसलाय. म्हणून मी गळतीचा मुद्दा घाईघाईनं उरकला आणि चौथ्यावर आलो. आवाज जमेल तितका सारखा ठेवून म्हणालो, "तुझी अम्मा शेवटच्या दिवशी मला एक म्हणाली होती."

आणि विनय हसला.

खुदकन. माझ्याकडं बघून त्यानं लगेच ओळखलं, तोंड उतरलं त्याचं. मनगट पुढं करून मला दाखवलं. ते नुसतं घड्याळ नव्हतं. फोनवर जे येतं ते सगळं त्याच्यावरही येत होतं. ऑफिसातल्या कुणीतरी काहीतरी गमतीचं पाठवलं होतं. "सॉरी अप्पा, ऐकलं नाही. काय म्हणाली होती?" असं विचारून त्यानं ते घड्याळ काढून डब्यात टाकलं.

तेवढ्यात आठ वाजले. मी म्हणालो, जेवायला वाढतो. तो कंटाळला नव्हता, तो तिथं आलाच नव्हता, आणि मी मूर्खासारखा त्याच्यासाठी गळती आवरती घेतली होती.

दुसऱ्या दिवसापासून अमेरिकेच्या कॉलची वेळ सात झाली.

•

दसऱ्याला सुमित्राक्कांनी शेवटचं अस्त्र काढलं, आणि खरं सांगतो, कल्पना ऐकून मी त्यांना मनातल्या मनात सलाम ठोकला.

आमच्याकडं नवमीला आयुधपूजा. तलवार, विळी, सायकल, कार, ज्याचं जे आयुध ते पूजेला ठेवायचं. आणि एकदा पूजेला ठेवलं की दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आमची माणसं शपथ मोडतील, पण हे मोडणार नाहीत. अक्का म्हणाल्या, सगळे फोन आयुध म्हणून घाटग्यांच्या तलवारीशेजारी ठेवा. एक दिवस, एक रात्र. एक तास जमत नाही ना, मग हे घ्या.

विनयला काम होतं, तो येणार नव्हता. पण मी निघालो तेव्हा तो वरून खाली आला आणि हातरुमालात गुंडाळलेला फोन माझ्या हातात दिला. "माझा पण ठेवा अप्पा." मला भरून आलं. रस्ताभर मी तो रुमाल शर्टाच्या खिशात धरून चाललो.

घाटग्यांनी पूजा थाटात मांडली. मध्ये तलवार, भोवती सोळा फोन, झेंडूच्या माळा. गंधानं काच खराब होते असं मोहन म्हणाला म्हणून सगळे पालथे ठेवले आणि पाठीवर गंध-कुंकू लावलं. कुलकर्ण्यांनी विचारलं, बंद करून ठेवायचे ना? घाटगे त्यांच्याकडं बघतच राहिले. म्हणाले, बंद केलेलं आयुध कोण पूजतं? तलवार काय मोडून ठेवतात? म्हणून सोळाच्या सोळा चालू ठेवले.

आरती संपायच्या आत पहिला वाजला. मग दुसरा. सणाचा दिवस, शुभेच्छांचा मारा! फोन पालथे, आवाज सगळ्यांचे सारखेच, कुणाचा वाजतोय ते कळेना. उचलायचा तर पाप. घरी जावं तर इथं आपला वाजला तर? कुणीही हललं नाही. सहाही घरं तिथंच जेवली, तिथंच बसली. दुपारभर आम्ही सगळे त्या तलवारीसमोर मांडी घालून, एकटक, आवाज आला की माना लांब करून बसलो होतो. इतक्या मनापासून आमच्यातल्या कुणी कुठल्या देवाकडं पाहिलं नसेल.

सकाळी उत्तरपूजा झाली. सगळे फोन चार्ज संपून मेले होते. रेखानं एकेक पुसून चार्जरला लावला. एक काही केल्या चालू होईना. तिनं उलटा केला, काच तडकलेली. मागचं झाकण काढलं आणि माझ्याकडं बघितलं.

"मेष्ट्रे, याच्यात बॅटरीच नाही."

दहा-बारा वर्षांपूर्वीचा फोन होता, विनयच्या कपाटात पडलेला. मी त्याला गंध लावलं होतं, फूल वाहिलं होतं. येताना त्याच्या पाया पडलो होतो.

•

त्याच संध्याकाळी बन्नीमंटपच्या मैदानावर पंजिन कवायत, म्हणजे मशालींची कवायत. अक्कांचा हट्ट, तिथं तरी फोन न घेता जाऊ. गेलो.

मध्यंतरात ताराक्का पाणी आणायला म्हणून गेली आणि गर्दीत चुकली. पोलिसांच्या मदत-टेबलावर पोचली. त्यांनी नवऱ्याचा नंबर विचारला. तिला एकच नंबर पाठ होता, घरच्या जुन्या फोनचा, तो कापून पंधरा वर्षं झाली. इकडं घाटगे दुसऱ्या गेटवरच्या कॉन्स्टेबलसमोर उभे. तीस वर्षं पोलीस खात्यात काढलेला माणूस, पण बायकोचा नंबर काही आठवेना. म्हणाले, "तारा म्हणून सेव्ह आहे." कॉन्स्टेबल पोरगा नम्रपणे म्हणाला, सर, तारा हा नंबर नाही.

शेवटी घाटग्यांनी गेटागेटांवरून, रांगारांगांतून शोधत मैदानाची फेरी मारली. टेबलाशी पोचले तेव्हा शर्ट घामानं भिजला होता. त्यांनी सगळ्यांसमोर तिचा हात धरला. घरी पोचेपर्यंत सोडला नाही. आम्ही मागून चालत होतो आणि सुमित्राक्कांनी मला कोपरानं ढोसलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्या हसताना दिसल्या.

चार दिवसांनी ताराक्का भाजीच्या गाडीशी भेटली. मी म्हणालो, काय अक्का, दसरा बरा गेला यंदा. ती म्हणाली, हौदू. मग पिशवीतला फोन काढून मला दाखवला. घाटग्यांनी दुसऱ्याच दिवशी त्यात एक ॲप घातलं होतं. ती कुठं आहे ते त्यांना घरी बसून दिसतं.

"आता शोधायला येत नाहीत," ती म्हणाली आणि पालकाची जुडी निवडायला लागली.

•

कोजागरीला अक्कांनी बैठक बोलावली. अक्का, घाटगे आणि मी, तिघंच आलो. अक्कांनी विचारलं, आपण हरलो ना मेष्ट्रे? मी म्हणालो, हौदू अक्का. त्यांनी पेढे मागवून ठेवले होते, कशासाठी ते माहीत नाही. आम्ही ते खाल्ले. ग्रुप मात्र अजून चालू आहे, सगळ्यात जास्त मेसेज त्याच्यावरच येतात.

•

आता हा एक राहिला. हा मी कुणाला सांगितलेला नाही.

दसऱ्याच्या सकाळी तो बिनबॅटरीचा फोन मी विनयच्या टेबलावर नेऊन ठेवला. संध्याकाळी कवायतीहून आलो तर तो जिन्याच्या पायरीवर बसला होता.

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून दिला," तो म्हणाला. मग पायरीकडं बघत म्हणाला, "अप्पा, मला समोर बसून नाही जमत. अम्माचं नाव निघालं की उठून जावंसं वाटतं. तुम्ही व्हॉइस मेसेज करा. मी ऐकतो. नक्की ऐकतो."

मी वाईट वाटून घ्यायला हवं होतं, पण मला आनंद झाला. का होऊ नये? पोरगा ऐकतो म्हणाला होता.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी जेवण झालं की मी खालच्या हॉलमध्ये खुर्चीत बसायचो आणि वरच्या खोलीतल्या मुलाला निरोप पाठवायचो. रोज एक, चार-पाच मिनिटांचा. रेकॉर्ड करायच्या आधी मी दाढी करायचो, धुतलेला शर्ट घालायचो. पहिल्या दिवशी तलकाडचं सांगितलं. लग्न होऊन महिना झाला होता, तिथल्या वाळूत वत्सलाची एक चप्पल रुतली ती सापडलीच नाही, मग तिनं दुसरीही काढून फेकली आणि तापलेल्या वाळूतून बसपर्यंत अनवाणी पळाली, हसत. दुसऱ्या दिवशी कृष्णराजनगरचं, तिच्या मामाच्या भातशेतीचं. प्रत्येक निरोपाखाली ऐकल्याची निळी खूण यायची. कधी अंगठा. एकदा त्यानं लिहिलं, 'हे माहीत नव्हतं अप्पा.' त्या दिवशी मी गोडाचा शिरा केला.

सहाव्या दिवशी मी हॉस्पिटलचं सांगितलं. शेवटच्या दिवशी ती मला काय म्हणाली ते. सांगताना एका ठिकाणी माझ्याच्यानं पुढं बोलवेना. बराच वेळ नुसता गप्प राहिलो. पुसून पुन्हा करावं असं वाटलं, पण म्हटलं राहू दे, मुलगाच तर ऐकणार आहे. तसंच पाठवलं.

चार वाजता त्याची कॉफी घेऊन वर गेलो. दार अर्धवट उघडं होतं. विनय पाठमोरा बसून कॉम्प्युटरवर काम करत होता, आणि खोलीत कुणीतरी बोलत होतं. भराभर, एका दमात, गाडी सुटत असल्यासारखं. मला क्षणभर वाटलं, रेडिओवरची जाहिरात असेल. मग 'वत्सला' असं ऐकू आलं.

माझाच आवाज होता. दुप्पट वेगानं लावलेला. मी जिथं गप्प राहिलो होतो ती जागा आली. उचकी लागावी एवढा वेळ आवाज थांबला आणि पुढं पळाला. तिनं जे म्हटलं होतं ते त्यानं ऐकलं, टाइप करत करत. कॉफी दाराशी ठेवून मी खाली आलो.

त्या संध्याकाळी मी घाटग्यांच्या रेखाला विचारलं की हे कसं करतात. तिनं बटण दाखवलं. म्हणाली, "सगळे असंच ऐकतात मेष्ट्रे. वेळ कुठं असतो?" खरं आहे. त्याचा काही दोष नाही. अमेरिकेचं काम, माझं पाल्हाळ.

घरी येऊन मी सराव सुरू केला. सावकाश बोलायचा. एक शब्द, मग थांबायचं, मग दुसरा शब्द. पाचवीच्या पोरांना शुद्धलेखन घालतात त्याहूनही सावकाश. एक निरोप करायचा, बटण दाबून दुप्पट वेगानं स्वतःच ऐकायचा, पुसायचा, पुन्हा करायचा. जिथं गप्प राहायचं तिथं मनात वीस आकडे मोजायचे, म्हणजे त्याला दहा ऐकू येतात. चार दिवस लागले. दम लागतो, पण जमलं.

काल पहिला पाठवला. वत्सला सकाळी कॉफी गाळताना स्वतःशीच काय बोलायची, त्याच्याबद्दल. नऊ मिनिटांचा झाला. निळी खूण आली. आणि संध्याकाळी, पहिल्यांदाच अंगठ्याऐवजी, वरून दोन ओळी आल्या:

'अप्पा, आज तुम्ही अगदी पूर्वीसारखे वाटलात. अम्मा होती तेव्हासारखे.'